मोफत इंग्रजी वर्ग: पहिल्या दिवसाआधी काय करायचं आणि नंतर कोणत्या क्रमाने

दर जानेवारीत आमची खोली भरते. चपलांचा ढीग दारातून रस्त्यावर येतो. होळीपर्यंत मागची बाकं रिकामी होतात. मध्येच सोडलेल्यांपैकी कुणी बाजारात भेटलं की एकच ऐकायला मिळतं, "डोक्यात काय राहीना बघा सर."

डोकं ठीक असतं, क्रम चुकलेला असतो. लोक वर्गात येऊन बसतात, फळ्यावरचं वहीत उतरवतात, वही पिशवीत घालतात आणि पुढच्या वर्गालाच बाहेर काढतात. मोफत वर्गाचा वेळ थोडा आणि माणसं जास्त, त्यामुळे तिथे सगळं शिकून होत नाही. घरी केलेलं तोंडाने बोलून तपासून घ्यायची ती जागा आहे. एवढं समजून जो येतो तो टिकतो.

हे लिहितोय ते खानापूर-चंदगडकडच्या गावांतून बेळगावात कामाला आलेल्यांसाठी, लग्न होऊन इकडे आलेल्या सुनांसाठी, आणि मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) करून पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) इंग्रजी पुस्तकांसमोर गप्प बसलेल्या मुलांसाठी. निपाणी-चिकोडीकडेही चुका याच होतात.

टप्पा १: इंग्रजी कशाला हवं ते एका ओळीत लिहा

आधी हे बघा की तुम्हाला नक्की इंग्रजीच हवं आहे का. आपल्या भागात नवा आलेला माणूस अडतो तो पुष्कळदा कन्नडमुळे. बसची पाटी, कंडक्टर, नाडकचेरीतला (सरकारी महसूल कचेरीतला) अर्ज, पंचायतीतली नोटीस, हे सगळं कन्नडमध्ये. तिथे अडत असाल तर आधी तीन महिने कन्नडला द्या. दोन्ही भाषा एकाच महिन्यात शून्यापासून सुरू केलेले फार थोडे जण मी तडीस गेलेले पाहिलेत.

इंग्रजी लागतं ते उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्रॉइंग आणि ईमेल वाचायला, दवाखान्याची फाइल समजायला, बँकेचं ॲप वापरायला, मुलाखतीला आणि कॉलेजच्या पुस्तकांना.

आता ती ओळ लिहा. "मला इंग्रजी बोलता यायला हवं" ही ओळ चालत नाही. चालणाऱ्या ओळी अशा असतात: "सुपरवायझरला मशीन का बंद पडलं ते इंग्रजीत सांगायचंय." "मुलीच्या शाळेत पालकसभेला टीचरशी दोन मिनिटं बोलायचंय." "फिजिक्सच्या धड्याचं एक पान डिक्शनरी कमीत कमी उघडून वाचायचंय."

*तपासणी:* तुमच्या ओळीत एक जागा आणि एक माणूस, निदान एक पुस्तक तरी, दिसतंय का? नसेल तर पुन्हा लिहा. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला हीच ओळ दाखवायची आहे.

टप्पा २: वर्ग शोधा, आणि नाव घालण्याआधी एकदा मागे बसून पाहा

असे वर्ग जाहिरातीतून सापडत नाहीत. वाचनालयाच्या फलकावर, मंडळाच्या खोलीत, महिला मंडळात, चर्चच्या आवारात, मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे विचारा. शिकवणारे बहुधा निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, बँकेतून रिटायर झालेले किंवा इंजिनिअरिंगची पोरं असतात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे गल्लीत एखादे सुभेदार काका असतातच. त्यांचं इंग्रजी पुस्तकी नसतं, पण थेट कामाचं असतं.

मागे बसून पाहताना एक साधा हिशेब करा. वर्ग एक तासाचा, माणसं वीस. सर अर्धा तास बोलले तर उरलेल्या तीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. दीड मिनिटात तोंड सुटत नाही. जिथे सर दोघादोघांच्या जोड्या पाडून सगळ्यांना एकदम बोलायला लावतात, तो वर्ग धरा, गोंगाट झाला तरी चालेल. जिथे तासभर फळ्यावर काळांचे तक्ते चालतात, तिथली शिस्त कितीही छान वाटली तरी नवख्याने बसू नये.

मग तीन गोष्टी विचारा. आठवड्यातून किती दिवस? (तीन तरी हवेत.) शिकवणारा एकच की बदलते? आणि खोली वर्षभर मिळते का? तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. मंडळाची खोली असेल तर गणपतीचे अकरा दिवस आणि त्याआधीचे दोन आठवडे ती तुमची नसते. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी सुरू झाली की पुन्हा तेच. बंद काळात वर्ग कुठे भरणार, हे आधीच ठरलेलं असावं.

सुरुवात कधी करावी? खानापूर भागातल्या शेतीवाल्या घरांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: सुगी आटोपल्यावर, जानेवारीत. जूनमध्ये नाव घातलं की जुलैत रोप लावणीला गावी जावं लागतं, दोन आठवडे बुडतात, परत आल्यावर लाज वाटते आणि माणूस येत नाही. जानेवारीपासून मेपर्यंत सलग पाच महिने मिळतात.

*इशारा:* मोफत म्हणून बोलावून तिसऱ्या आठवड्यात "सर्टिफिकेटचे" पैसे मागणारे असतात. पुस्तकाचे किंवा झेरॉक्सचे पन्नास-शंभर रुपये समजू शकतो. पण मूळ आधार कार्ड किंवा मूळ मार्क्स कार्ड कुणाच्याही ताब्यात देऊ नका. नाव नोंदवायला झेरॉक्स पुरते.

टप्पा ३: पहिल्या वर्गाआधीचे सात दिवस

सर्वात जास्त चुका इथेच होतात, कारण हा टप्पा लोक सरळ ओलांडून जातात. रोज पाऊण तास पुरे.

*पहिला आणि दुसरा दिवस: तुम्हाला येणारे शब्द मोजा.* दोनशे पानी वही घ्या. घरातल्या एकेका जागेचं नाव वर लिहा आणि तिथे तुम्ही रोज जे इंग्रजी शब्द मराठी समजून वापरता ते खाली लिहा. स्वयंपाकघर: कुकर, मिक्सर, गॅस, प्लेट, फ्रिज, रेग्युलेटर. मशीन शॉप: बेअरिंग, ड्रिल, लेथ, शिफ्ट, ओव्हरटाइम, रिजेक्ट. दवाखाना: डिस्चार्ज, सलाईन, बीपी, रिपोर्ट, स्कॅनिंग. शंभर होईपर्यंत थांबू नका. वडगावातल्या एका विणकर मावशींनी मागावरचेच चाळीस लिहून आणले होते, आणि नाव घालताना म्हणाल्या होत्या, "मला एबीसीडी पण येत नाही."

*तिसरा दिवस: तुमचं नाव.* आधार, एसएसएलसी मार्क्स कार्ड आणि बँक पासबुक शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. आपल्या सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे. महाराष्ट्राच्या पद्धतीत 'त' साठी नुसता टी लिहितात, कर्नाटकात टी-एच लिहायची रीत आहे. त्यामुळे एकच सविता एका कागदावर टी-ए ने संपते आणि दुसऱ्यावर टी-एच-ए ने. गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, जुन्या दाखल्यांवर मात्र बेलगाम असं स्पेलिंग आहे. आधारवरचं स्पेलिंग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि यापुढे सगळीकडे तेच वापरा. कागदांत फरक असेल तर दुरुस्तीचं काम वेगळं, पण तो आहे हे तरी आज कळेल.

*चौथा आणि पाचवा दिवस: कार्डं.* जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्यांचा कागद जाड असतो. प्रत्येकीचे चार-सहा तुकडे करा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. एकटा शब्द लिहू नका, वाक्यच लिहा. 'की' हा शब्द पाठ करून उपयोग नाही, "किल्ली कुठाय?" आणि "व्हेअर इज द की?" ही जोडी उपयोगी पडते. पाच पाकिटं करा: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या पाकिटात, चुकलं की परत पहिल्यात. दिवसाला पाचच नवी कार्डं घाला. उत्साहात तीस घालणारे दुसऱ्या आठवड्यात पाकीट उघडत नाहीत.

*सहावा दिवस: फोन.* कीबोर्डच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत इंग्रजी (भारत) ही भाषा घाला. तुम्ही बोललेलं फोनने काय लिहिलं, हा फुकटचा परीक्षक आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी आणि इंग्रजी ऑफलाइन उतरवून ठेवा, गावाकडे रेंज जाते.

*सातवा दिवस: घरच्यांशी बोला.* विशेषतः सुनांसाठी हे लिहितोय. वर्ग संध्याकाळी सहा ते सात असेल तर भाकरी कोण थापणार हे त्या आठवड्यातच ठरवा. शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा. वर्ग सोडण्याचं खरं कारण व्याकरण फार क्वचित असतं. बहुधा बस असते, नाहीतर भाकरी.

*तपासणी:* शंभर शब्द, नावाचं स्पेलिंग, निदान दहा कार्डं. एवढं नसेल तर एक आठवडा उशिरा जा, काही बिघडत नाही.

टप्पा ४: पहिला महिना फक्त कान, आकडे आणि अक्षरं

या महिन्यात व्याकरणाचं पुस्तक उघडू नका. मी हे सांगितलं की लोक नाराज होतात, विशेषतः पीयूसीची मुलं. तरीही.

अक्षरं. फोनवर स्पेलिंग सांगता-ऐकता येणं ही पहिली खरी गरज. बी, डी, पी, टी, व्ही, ई ही सगळी फोनवर सारखीच ऐकू येतात, एम आणि एन तसेच. "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली" असं म्हणायची सवय लावा. रोज घरातल्या एकेका माणसाचं नाव स्पेलिंगने मोठ्याने सांगा.

आकडे. मराठीत आपण एकक आधी म्हणतो: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. गंमत अशी की कन्नडमध्येही 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधीच. बाजारात कन्नडमध्ये भाव करणाऱ्या बाया इंग्रजी आकडे लवकर उचलतात, ते याचमुळे. मी पहिल्या नोकरीत फोनवर 'सिक्स्टी-फाइव्ह' ऐकलं आणि हाताने ५६ लिहिलं. सहा आधी ऐकू आलं ना, डोक्याने छप्पन्न केलं. माल नऊ नग कमी गेला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर उभं करून पावती वाचायला लावली. तेव्हा ऐकत ऐकत लिहू नका. आकडा पूर्ण ऐका, तोंडाने परत म्हणा, मग लिहा.

दुसरी खोट तेरा-तीसची. थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. फिफ्टीन आणि फिफ्टी तसेच. औषधाच्या मापात ही चूक महागात पडते, म्हणून एक वाक्य आजच पाठ करा: "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" विचारायला लाजू नका, नर्ससुद्धा एकमेकींना विचारतात.

ध्वनी. सगळे सुधारायच्या मागे लागू नका. आपल्याला तीनच जागी खरी अडचण येते.

पहिली, व्ही आणि डब्ल्यू. मराठीत दोन्हींना 'व'. त्यात आपण व्हीसाठी 'व्ह' लिहितो आणि मग 'ह' सुद्धा उच्चारतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'ह' चा श्वास सोडू नका. डब्ल्यूला दात लावायचेच नाहीत, शिट्टी मारताना करतो तसे ओठ गोल. फोनला 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' म्हणून दाखवा आणि तो काय लिहितो ते बघा.

दुसरी, 'फ'. 'फळ' मधला फ ओठ मिटून होतो, 'फॅन' मधला दात ओठावर ठेवून. 'कॉफी' नीट आली की बाकीचे आपोआप येतात.

तिसरी, ॲ आणि ए. 'बॅट' आणि 'बेट' हा फरक मराठी लिपीत आपल्याकडे आहेच, तो तोंडात आणायचा. पेन आणि पॅन रोज दहा वेळा.

उरलेला मराठी सूर राहू द्या. समोरच्याला कळलं की झालं.

कान. बेळगाव स्टेशनवर अर्धा तास बसा. गाडीची घोषणा कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत होते, माहिती तीच. पहिल्या दोनांतून अर्थ कळलेला असतो, तिसऱ्यात फक्त इंग्रजी शब्द पकडायचे. एवढा सोपा ऐकण्याचा धडा कुठल्या पुस्तकात नाही. घरी यूट्यूबवर वेग ०.७५ करा आणि दोन मिनिटांचा एकच तुकडा आठवडाभर ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे धडे फुकट आहेत आणि नवख्याला झेपतात. इंग्रजी बातम्या अजून नकोत.

*इशारा:* इंग्रजी सिनेमा सबटायटल लावून बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. डोळे वाचतात, कान झोपतात.

टप्पा ५: वाक्य उलटं करायला शिका

दुसऱ्या महिन्यापासून. नवख्याला व्याकरणातलं सर्वात उपयोगी पडतं ते हे. मराठी वाक्याचे तुकडे पाडा:

मी / उद्या / बँकेत / पैसे / भरणार.

'मी' जागेवर ठेवा आणि बाकीचं शेवटाकडून वाचा:

आय / विल डिपॉझिट / मनी / इन द बँक / टुमॉरो.

तंतोतंत उलटं. आतला तुकडाही उलटतो: आपण 'बँक' नंतर 'त' लावतो, इंग्रजीत 'इन' आधी येतं. आणखी एक: आई / सकाळी / गॅसवर / दूध / तापवते. मदर / बॉइल्स / मिल्क / ऑन द गॅस / इन द मॉर्निंग.

रोज अशी पाच वाक्यं. कागदावर तुकडे लिहून कात्रीने कापा आणि टेबलावर सरकवत बसा. पोरखेळ वाटेल. वाटू द्या. उद्यमबागेतल्या एका फिटरने महिनाभर जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर चिठ्ठ्या सरकवल्या. पहिल्यांदा सुपरवायझरसमोर "मशीन स्टॉप्ड ॲट टेन" हे न अडखळता म्हणाला, तेव्हा सुपरवायझरने मान वर केली आणि विचारलं, "व्हाय?" त्या 'व्हाय'चं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं. पुढच्या वर्गात त्याने आल्या आल्या तेच विचारलं. वर्ग असा वापरायचा असतो.

ही युक्ती कुठे चालत नाही तेही सांगतो. विशेषण उलटत नाही: 'लाल गाडी' ही 'रेड कार'च राहते. 'नेहमी', 'कधीकधी' हे क्रियापदाच्या आधी बसतात. आणि प्रश्नाला वेगळी चाल आहे, ती खाली.

'मला... आहे' चा सापळा. आपल्या चुकांतल्या अर्ध्या इथून येतात. मराठीत एकच साचा, इंग्रजीत तीन वाटा:

मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे आधार आहे: तिन्हींना 'आय हॅव'.
मला भूक लागली आहे, मला थंडी वाजते आहे: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम कोल्ड'.
मला माहीत आहे, मला पटतं: 'आय नो', 'आय ॲग्री'. इथे 'ॲम' घालायचं नाही.

"आय ॲम ॲग्री" आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" ही दोन वाक्यं तुमच्या तोंडून महिन्यातून किती वेळा येतात, ते शेजारच्याला मोजायला सांगा. आपल्याकडच्या "काय करूलालास?" ला "व्हॉट आर यू डूइंग?" बरोबर बसतं, कारण ते चालू असलेलं काम आहे. भाऊ असणं हे चालू काम नाही.

प्रश्न. "यू व्हेअर वर्क?" हे मराठीचं सरळ रूप. इंग्रजीला मध्ये 'डू' लागतं: "व्हेअर डू यू वर्क?" व्हेअर, व्हॉट, व्हेन, व्हाय, हाऊ यांच्या प्रत्येकी पाच प्रश्नांची कार्डं करा आणि पाठच करा. नियम नंतर समजला तरी चालतो.

आर्जव. मराठीत 'जरा', 'की', 'ना' मधून नम्रता येते: "जरा पेन द्या की." इंग्रजीत ते शब्द नाहीत, त्यामुळे आपलं "गिव्ह पेन" समोरच्याला हुकूम वाटतो. जिथे मराठीत 'जरा' म्हणाल तिथे "कुड यू प्लीज" लावा. बँकेत आणि दवाखान्यात या तीन शब्दांनी वागणूक बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

*तपासणी:* कागद न बघता आजच्या दिवसाबद्दल आठ वाक्यं फोनला सांगा. सहा नीट लिहिली गेली तर पुढे जा.

टप्पा ६: वर्गात बसल्यावर

पुढे बसा, पण ओळखीच्या माणसाशेजारी नको. शेजारी गावचा माणूस असला की पाच मिनिटांत ऊस आणि पाऊस सुरू होतो. वहीचं डावं पान तुम्ही जसं म्हणालात तसं लिहायला, उजवं सर दुरुस्त करतील ते लिहायला. नुसतं बरोबर उत्तर लिहून ठेवणाऱ्याला स्वतःची चूक परत कधी दिसत नाही.

घरून एक तरी अडलेला प्रश्न लिहून न्या. सर चुका काढत असताना दर शब्दाला थांबवत असतील तर स्पष्ट सांगा, "सर, आधी पूर्ण बोलू द्या, मग सांगा." बहुतेकांना राग येत नाही. दुसरा कुणी चुकला की हसायचं नाही, हा नियम वर्गात नसेल तर तुम्ही सुचवा. चाळिशीच्या बाया हसण्यामुळे जातात, अभ्यासामुळे नाही.

टप्पा ७: आठवड्यातून एक खरं काम इंग्रजीत

एटीएमवर नुसती शिल्लक बघताना भाषा इंग्रजी निवडा. फोनची भाषा आठवडाभर इंग्रजी करा (परत मराठी कशी करायची ते आधी बघून ठेवा, नाहीतर मुलाच्या मागे लागावं लागेल). कस्टमर केअरला फोन करून इंग्रजीचा पर्याय दाबा आणि रिचार्जची तारीख विचारा. कॅम्पातल्या बेकरीत इंग्रजीत ऑर्डर द्या.

प्रत्येक कामाआधी तीन वाक्यं कार्डावर तयार ठेवा आणि एक सुटकेचं वाक्य: "सॉरी, प्लीज से इट स्लोली." काम झाल्यावर कुठे अडलात ते डाव्या पानावर लिहा. पुढच्या वर्गाचा तोच तुमचा धडा.

*इशारा:* पैशांचे व्यवहार, डॉक्टरांचा निर्णय, पोलिसांतला जबाब किंवा सहीचा कागद ही सरावाची जागा नव्हे. तिथे ज्या भाषेत पूर्ण कळतं त्याच भाषेत बोला, नाहीतर जाणता माणूस बरोबर न्या.

टप्पा ८: वाचन, चौथ्या महिन्यापासून

आधी जवळचं वाचा: औषधाची बाटली, वीजबिल, मुलाची डायरी. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या चार खुणा शिकून घ्या: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. वाचता आलं तरी औषध दुकानदाराकडून खात्री करूनच घ्या.

पीयूसीच्या मुलांसाठी वेगळा मार्ग. धड्याचं मराठी पुस्तक तुमच्याकडे असेलच, निदान दहावीपर्यंतचं. इंग्रजी धडा उघडण्याआधी तोच विषय मराठीत वाचा. मग इंग्रजी पानावरचे फक्त विषयाचे शब्द गोळा करा: बल म्हणजे फोर्स, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. एका धड्यात असे फार तर तीस निघतात. बाकीचं इंग्रजी त्याच त्याच साच्यातलं असतं: 'इज कॉल्ड', 'डिपेंड्स ऑन', 'इज इक्वल टू'. ओळ न् ओळ भाषांतर करत बसलात तर पहिल्या युनिट टेस्टपर्यंत पहिला धडाही संपणार नाही.

टप्पा ९: मोजायचं कसं

जगभर भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा मोजतात. ए-२, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं बोलता येणं, इथवर पोचायला शून्यापासून साधारण १८० ते २०० तास मार्गदर्शनाखाली शिकावं लागतं, असा केंब्रिजच्या परीक्षावाल्यांचा अंदाज आहे. आठवड्याला तीन तासांचा वर्ग म्हणजे महिन्याला बारा-तेरा तास. नुसत्या वर्गावर सव्वा वर्ष जाईल, तेही एकही सुट्टी न घेता. घरचा पाऊण तास जोडला तर हे अंतर बरंच कमी होतं. 'तीस दिवसांत फाडफाड' ची पाटी दिसली की हा हिशेब करा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच विषयावर, म्हणजे टप्पा १ मधल्या तुमच्या ओळीवर, एक मिनिट बोलून फोनमध्ये रेकॉर्ड करा. जुनी रेकॉर्डिंग पुसू नका. तिसऱ्या महिन्यात पहिली ऐका. तीन महिन्यांत काहीच फरक ऐकू आला नाही तर वर्ग बदला. फुकट आहे म्हणून बसून राहू नका, तुमच्या संध्याकाळी जातायत.

मध्येच खंड पडला तर

पडणारच. लावणी, सुगी, बाळंतपण, नाईट शिफ्ट, गणपती. खंडात नवं काही शिकायचं नाही, फक्त पाकिटातली कार्डं रोज दहा मिनिटं. परत जाताना वर्ग कुठवर पोचलाय याची चिंता करू नका. एखाद्या जोडीदाराकडून शेवटच्या दोन वर्गांची उजवी पानं फोनवर फोटो काढून मागवा, त्यावर दहा कार्डं करा आणि जा. सरांना आधी मेसेज करून ठेवा: "आय ॲम कमिंग बॅक ऑन मंडे." आमच्याकडे असा मेसेज आला की आम्ही त्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं जुनंच घेतो.